नगरपरिषदेवर निवडून आले आहे. सदस्य, सभापती, गटनेता, नगराध्यक्ष: नेमकं कोणाच्या हातात काय असतं?

प्रभागातली_नवी (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत आमच्या 'ब' वर्ग नगरपरिषदेवर मी निवडून आले. पहिलीच वेळ. घरात कोणी राजकारणात नव्हतं, माझं काम बचत गटांचं. जागा महिलांसाठी राखीव निघाली, पक्षाने विचारलं आणि मी उभी राहिले. दोन सदस्यांचा प्रभाग आहे, दुसऱ्या जागेवर विरुद्ध पक्षाचे एक गृहस्थ आलेत.

निकाल लागल्यापासून दारात माणसं आहेत. कोणाला रहिवासी दाखला हवाय, कोणाची गटार तुंबलीय, कोणाचा घरकुलाचा हप्ता अडकलाय, एका आजींना नातवाचा शाळेतला प्रवेश हवाय. पाणी दोन दिवसांआड येतंय म्हणून मी पाणीपुरवठा विभागात फोन केला, तर तिथला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, साहेबांकडून येऊ द्या." साहेब म्हणजे मुख्याधिकारी. मग मी कशासाठी निवडून आले, हा प्रश्न त्या रात्री डोक्यातून गेला नाही.

पहिल्या सभेत उपनगराध्यक्षांची निवड झाली, स्वीकृत सदस्य (निवडून न येता नेमणुकीने येणारे) घेतले. त्याआधी आमच्या गटनेत्यांनी एका कागदावर सही घेतली होती. ती गटनोंदणीसाठी, म्हणजे आम्ही सगळे एका गटाचे सदस्य आहोत अशी नोंद करण्यासाठी होती हे नंतर कळलं. आता विषय समित्यांचं चाललंय. महिला व बालकल्याणचं सभापतिपद तुम्हालाच, असं सांगतात. गल्लीतल्या बायका आत्तापासूनच "सभापती मॅडम" म्हणायला लागल्यात. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेत आणि ते दुसऱ्या पक्षाचे आहेत. सभागृहात बहुमत आमच्या आघाडीचं आहे.

तर या सगळ्या पदांना कायद्याने नेमकं काय अधिकार असतात आणि नुसतं मानाचं काय असतं? साधा सदस्य काय करू शकतो? आणि एक वेगळंच: बाहेर लोक माझ्या मिस्टरांनाच नगरसेवक म्हणून हाक मारतात. तेही बिचारे अवघडतात. यावर काय करावं?

सभालिपिक

ताई, अभिनंदन. माझी सगळी नोकरी नगरपरिषदांमध्ये गेली, त्यातला मोठा काळ सभा विभागात. सभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका घरोघर पोचवून पोच घ्यायची, सभेत बसून टिपणं घ्यायची आणि नंतर इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे सांगतोय ते टेबलाच्या त्या बाजूचं आहे. पुढाऱ्यांचं मत कदाचित वेगळं असेल.

तुमच्या फोनपासून सुरू करतो. तो कर्मचारी चुकला नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे पालिकेची कार्यकारी सत्ता आणि कर्मचाऱ्यांवरचं नियंत्रण मुख्याधिकाऱ्यांकडे असतं. सदस्याने फिटरला, मुकादमाला, ओव्हरसीअरला थेट हुकूम द्यायचा नसतो. दिला तर तो आपल्या भलेपणाने ऐकेल, पण त्याला तसं बंधन नाही. याचा अर्थ तुम्ही बिनअधिकाराच्या आहात असा मात्र नाही. सदस्याचा अधिकार सभागृहात असतो आणि कागदावर असतो. पालिकेच्या कामातली हलगर्जी, मालमत्तेची नासाडी, आपल्या भागाची गरज, याकडे लक्ष वेधणं हा सदस्याचा हक्क आहे आणि पालिकेची कागदपत्रं पाहणं हाही. फोनवर सांगितलेलं काम हवेत जातं. तेच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे चार ओळींत लिहून, आवक-जावकला देऊन, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन आलात, तर ते कामाच्या फायलीत जातं आणि कोणाला तरी त्यावर शेरा मारावाच लागतो. पाण्याचं पत्र उद्याच द्या. कोणत्या गल्लीत, कोणत्या वाराला, किती वेळ पाणी आलं हे लिहा. "पाणीटंचाई आहे" एवढंच लिहिलेली पत्रं मी ढिगाने पाहिली, त्यांचं काहीच झालं नाही.

आता पदं.

नगराध्यक्ष सभेचे अध्यक्ष. सभा बोलावणं, विषयपत्रिकेवर काय घ्यायचं हे ठरवणं, सभा चालवणं, मतं समान पडली तर निर्णायक मत देणं, आणि पालिकेच्या आर्थिक व प्रशासकीय कारभारावर लक्ष ठेवणं, हे त्यांचं काम. तातडीच्या प्रसंगी कलम 58 (2) खाली ते एखादं काम करायचा किंवा थांबवायचा आदेश देऊ शकतात, पण तो पुढच्या सभेपुढे ठेवावा लागतो. पूर आला, मुख्य जलवाहिनी फुटली, अशा वेळेसाठी ही तरतूद आहे. ती रोजच्या वापरात यायला लागली की समजायचं, काहीतरी सभेपासून दूर ठेवलं जातंय. नगराध्यक्ष हे पदसिद्ध स्थायी समितीचे सभापतीही असतात, आणि त्यांचं खरं वजन तिथे आहे.

उपनगराध्यक्ष सदस्यांमधून निवडतात. नगराध्यक्ष नसताना सभा चालवायची, आणि एका विषय समितीचं सभापतिपद त्यांच्याकडे पदसिद्ध येतं. बाकी हे पद बहुतेक वेळा आघाडीतल्या वाटाघाटीत वाटलं जातं. चांगला उपाध्यक्ष मिळाला तर दोन गटांत बोलणं चालू राहतं. कायद्यात लिहिलेल्या कशाहीपेक्षा मला ते जास्त उपयोगाचं वाटत आलंय.

सभापतिपदाबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण ते तुमच्यापुढे आलंय. विषय समित्यांची मुदत एक वर्षाची. सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण अशी नावं असतात. सदस्य पक्षीय बलाबलानुसार घेतात. बाहेर मान बांधकाम सभापतीला. महिला व बालकल्याण हे पद "बायकांना द्यायचं" म्हणून देतात आणि घेणारीही तसंच घेते. तसं घेऊ नका. एक तर विषय समितीचा सभापती स्थायी समितीवर जातो. निविदा, दर, मुदतवाढ, हे सगळं स्थायीपुढे येतं. म्हणजे या पदाने तुम्ही त्या खोलीत जाता जिथे पैशाचे निर्णय होतात. दुसरं, महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा असतो. दरवर्षी मी हेच पाहिलं: फेब्रुवारी संपत आला की कोणाला तरी त्या निधीची आठवण व्हायची, मग शिवणयंत्रं नाहीतर एखाद्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव घाईने तयार व्हायचा. ज्या बायकांसाठी ते होतं त्यांना कोणी विचारायचं नाही. तुमचं बचत गटाचं काम आहे, तुम्हाला ठाऊक आहे गटांना काय हवंय. सभापती झालात तर पहिल्या महिन्यातच समितीची बैठक लावा आणि लेखापालांकडून मागच्या तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, दोन्ही आकडे लेखी मागा. आजवर ते क्वचितच कोणी मागितलेत.

आता बहुमत एकाचं, नगराध्यक्ष दुसऱ्याचा. हे मी जवळून पाहिलंय. 2001 ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले, 2006 ला पुन्हा सदस्यांमधून, 2016 ला पुन्हा थेट, 2020 ला ते रद्द, 2022 ला परत थेट. सरकार बदललं की पद्धत बदलते. थेट निवडून आलेला माणूस म्हणतो, मला सगळ्या गावाने निवडलंय. बहुमतवाले म्हणतात, ठराव आम्ही करणार. दोघांचंही खरं असतं, आणि गावाची गटार तशीच राहते. अशा सभागृहात काय होतं? विषयपत्रिकेवर विषय येत नाही म्हणून सदस्य चिडतात. पुरेशा सदस्यांनी सह्या करून विशेष सभेची लेखी मागणी करता येते, हा मार्ग आहे. उलट, बहुमताने काहीतरी बेकायदा मंजूर केलं तर मुख्याधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना कळवतात आणि जिल्हाधिकारी कलम 308 खाली ठराव तहकूब करू शकतात. "तीनशे आठला टाकू" ही धमकी तुम्ही लवकरच ऐकाल. घाबरू नका, पण ठराव कायद्यात बसतो का हे आधी विचारून घ्या.

आता इतिवृत्ताबद्दल, कारण माझा जीव त्यात आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी मिळायला हवी, सोबत विषयांची यादी. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. विषय संपले की "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" येतात. तिथे डोळे उघडे ठेवा. मी एका पालिकेत बदलून गेलो तेव्हा इतिवृत्ताच्या पुस्तकात शेवटच्या ठरावानंतर पान-दीड पान कोरं सोडायची पद्धत होती. का, ते विचारायची गरज पडली नाही. पुढच्या पंधरवड्यात त्या जागेत ठराव उगवायचे, ज्यावर सभेत एक शब्दही झालेला नसायचा. मी शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून त्यावर पीठासीन अधिकाऱ्यांची सही घ्यायला सुरुवात केली. त्यावरून पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, पण रेघ राहिली. तुम्ही सदस्य म्हणून एवढंच करा: ऐनवेळच्या विषयांत काय काय झालं हे स्वतःच्या वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो, तेव्हा ते वाचून पाहिल्याशिवाय हात वर करू नका. पहिला विषय म्हणून तो अर्ध्या मिनिटात उरकतात.

आणि एखादा ठराव पटला नाही तर "माझा विरोध नावानिशी नोंदवा" असं उभं राहून म्हणा. तेवढ्यावर न थांबता सभा संपायच्या आत लेखी चिठ्ठी सभा लिपिकाकडे द्या. आमच्याकडे एक सदस्या होत्या, शिकलेल्या फारशा नव्हत्या. नाल्यावर गाळे बांधायचा ठराव आला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. यांनी वहीचं पान फाडून "नाल्यावर बांधू नये, पाणी आमच्या आळीत शिरेल, माझा विरोध आहे" असं लिहून माझ्या हातात दिलं. मी ते पान इतिवृत्ताला जोडलं. पुढे चौकशी लागली, खुलासे मागवणाऱ्या नोटिसा निघाल्या. त्यांच्या घरी नोटीस गेली नाही. ते पान आजही त्या दप्तरात असेल.

मिस्टरांचं लोक आपोआप थांबवणार नाहीत. तुम्हीच थांबवा. सभेच्या हजेरीपुस्तकात सही तुमची, प्रश्न तुमचा, पत्राखाली नाव तुमचं. पालिकेत जाताना पत्र स्वतः द्या. अधिकारी त्यांच्याशी बोलायला लागले तर मिस्टरांनीच "सदस्य या आहेत, यांच्याशी बोला" म्हणायचं. ते अवघडतात म्हणजे माणूस चांगला आहे, एवढं ते नक्की करतील.

शहर_बीट

मी वर्षानुवर्षं महापालिकेच्या सभा वार्ताहर म्हणून बसून ऐकल्यात. वरचं उत्तर नगरपरिषदेपुरतं तंतोतंत आहे. महापालिकेचं चित्र वेगळं असतं, आणि टीव्हीवरच्या बातम्या बघून लोक दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून थोडं लिहितो.

महाराष्ट्रात 29 महापालिका. महापौर थेट निवडून येत नाही, नगरसेवक आपल्यातून निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी हे नगरविकास खातं सोडत काढून ठरवतं. महापौर शहराचा प्रथम नागरिक, सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष. पण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. कोलकात्यात महापौर आणि त्यांची परिषद मंत्रिमंडळासारखी कारभार करते, तसं आपल्याकडे नाही. त्यामुळे "महापौरांनी रस्ता केला" ही बातमी आपल्याकडे फारशी खरी नसते. खरं वजन स्थायी समितीच्या अध्यक्षाचं. बहुतेक महापालिकांत स्थायीचे 16 सदस्य, निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. मुंबईचा कायदा 1888 चा वेगळा, तिथे स्थायी 27 जणांची, शिवाय सुधार समिती आणि बेस्ट समिती. मुंबईत 227 प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. बाकी शहरांत बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे, त्यामुळे "माझा नगरसेवक कोण" याला चार उत्तरं असतात आणि तक्रार घेऊन गेलेला माणूस चारही घरं फिरतो.

सभागृह नेता आणि विरोधी पक्षनेता ही पदं महापालिकेच्या कायद्यात आहेत.

एक मात्र सांगावंसं वाटतं. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधला सगळा काळ प्रशासक. आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि तेच मंजूर करणार. त्या काळात मुख्यालयात प्रेस रूममध्ये बसलो की सभागृह बंद दिसायचं. अर्थसंकल्प मांडला जायचा, पण त्यावर "आमच्या वस्तीतला दवाखाना का वगळला" असं विचारणारा एकही आवाज नसायचा. नगरसेवक काय करतो हे विचारणाऱ्याला मी तो काळ आठवायला सांगतो.

गावठाण_7

ताई, मी ग्रामपंचायत सदस्य. आमच्याकडे सगळं याहून लहान आणि जास्त उघड्यावर. सदस्य 7 ते 17, लोकसंख्येप्रमाणे. सरपंच आता थेट, उपसरपंच सदस्यांतून. मोठा फरक असा की आमच्या सरपंचाच्या हातात खरोखर सही असते: धनादेशावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) दोघांच्या सह्या लागतात. शिवाय वर ग्रामसभा आहे, तिथे कोणीही मतदार उठून हिशेब विचारतो. तुमच्याकडे तसं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

"सभापती" म्हटलं की आमच्या तालुक्यात पंचायत समितीचा सभापती असंच समजतात, आणि ते सबंध तालुक्याचं पद आहे. तुमचं पद नगरपरिषदेतल्या एका समितीचं. घरकुलासाठी आलेल्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या लोकांना हे सांगून पंचायत समितीकडे पाठवा, नाहीतर ते उगाच तुमच्या दारात खेटे घालत राहतील.

माजी_स्वीकृत

स्वीकृत सदस्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. मी एक मुदत होतो, पाणीपुरवठ्यातला अभियंता म्हणून. विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना घ्यावं अशी राज्यघटनेतच सोय आहे, आणि आम्हाला सभेत मत नसतं. बऱ्याच ठिकाणी पडलेल्या उमेदवाराची सोय लावायला ही जागा वापरतात, ते मला मनापासून खुपतं. पण मत नसलं तरी बोलता येतं. नव्या जलवाहिनीच्या अंदाजपत्रकात जुनी वाहिनी कुठे जोडायची हेच नव्हतं. मी नकाशा सभागृहात टेबलावर पसरून दाखवला, दोन्ही बाजूंचे सदस्य उठून बघायला आले आणि विषय दुरुस्तीसाठी परत गेला. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. नेमणुकीने आलेला माणूस काय करतो हे त्या माणसावर आहे. तुमच्या सभागृहात जे स्वीकृत आलेत त्यांचं काय शिक्षण, काय अनुभव, हे बघून ठेवा. कामाचा माणूस असेल तर पक्ष न बघता त्याला विचारा.

चौकातला

सगळं बरोबर, पण लोकांना इतिवृत्त कळत नाही. त्यांना रात्री अकराला फोन उचलणारा नगरसेवक कळतो. आमच्या नगरसेविका सभेत काय बोलतात मला माहीत नाही, पण माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यांनी पाठवली. मी त्यांनाच मत देणार. ताई, फोन उचलत जा.

सभालिपिक

चौकातला, तुमच्या आईंना वेळेवर गाडी मिळाली हे चांगलंच झालं, आणि ज्यांनी पाठवली त्यांचे आभार मानायलाच हवेत. फोन उचलावाच. माझं म्हणणं पुढचं आहे. ती गाडी त्यांच्या ओळखीने आली. ओळख नसलेल्या शेजारच्या बाईला ती कशी मिळेल? पालिकेची रुग्णवाहिका आहे का, तिचा चालक रात्री असतो का, नंबर कुठे लावलाय, हे प्रश्न सभेत विचारले तरच मिळेल. आणि तो प्रश्न सभेत विचारायचा अधिकार गावात फक्त सभागृहातल्या सदस्यांनाच आहे. म्हणून मी सभेवर एवढा जोर देतो.

प्रभागातली_नवी

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं उत्तर मी छापून घेतलंय. पाण्याचं पत्र दिलं, आवक क्रमांक घेतला. वार आणि वेळ लिहायला गल्लीतल्या बायकांकडून माहिती घेतली, तर निम्म्या जणींनी स्वतःच कॅलेंडरवर खुणा केलेल्या होत्या!

अजून दोन गोष्टी. गटनेते म्हणतात, गटाच्या नोंदणीत सही आहे म्हणजे व्हिप (मतदान कसं करायचं याचा पक्षाचा आदेश) पाळावाच लागेल. हे कुठवर खरं? आणि दाखल्यांवर सही करायची का? रोज पाच-सहा जण कोरे फॉर्म घेऊन येतात.

सभालिपिक

ताई, गटनेता म्हणतो ते खरं आहे, पण अर्धं. गटाची नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. त्यानंतर 1986 चा सदस्य अनर्हता अधिनियम लागू होतो. पक्षाने रीतसर आदेश काढला आणि तुम्ही परवानगीशिवाय त्याविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलात, तर सदस्यत्व जाऊ शकतं. निर्णय जिल्हाधिकारी देतात, गटनेता देत नाही. व्हिप मतदानावर असतो. प्रश्न विचारण्यावर, माहिती मागण्यावर, विषयपत्रिकेसोबतची टिपणी वाचून शंका काढण्यावर व्हिप नसतो. मतदानाला पक्षाबरोबर राहूनही "या कामाचं अंदाजपत्रक कोणत्या वर्षीच्या दरसूचीवर आहे" एवढं विचारता येतं, आणि कधी कधी तेवढ्यानेच विषय मागे घेतला जातो. पण कोऱ्या कागदावर सही देऊ नका. गटनेत्यालाही नाही. वाचायला वेळ मागितला तर कोणी रागावत नाही, आणि रागावलाच तर तेवढ्यासाठी सही नाकारणं आणखी योग्य.

सदस्यत्व घालवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, त्याबद्दल कोणी सांगत नाही. पालिकेच्या ठेक्यात तुमचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणं. आणि बेकायदा बांधकाम, ज्यात तुमच्याबरोबर नवऱ्याचं आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचंही धरलं जातं. घराला वाढवलेली खोली, अंगणातली शेड असेल तर आजच परवानगीचे कागद काढून बघा. विरोधक पहिल्या वर्षी काही करत नाहीत, सभापतिपद आलं की अर्ज टाकतात. राखीव जागेवर जातीच्या प्रवर्गातून आला असाल तर वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत गेलं पाहिजे, तेही विसरू नका. त्यात मी चांगली माणसं घरी गेलेली पाहिलीत.

दाखल्यांचं म्हणाल तर, तुमच्या सहीला किंमत आहे म्हणून लोक येतात. आधारच्या कामासाठी जो विहित नमुना असतो त्यावर नगरसेवकाची सही चालते, फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी सही-शिक्का करतात, आणि तो तारखेपासून तीन महिनेच चालतो. कोऱ्या फॉर्मवर कधीच नाही. आधी नाव, पत्ता, जन्मतारीख त्याने भरायची, फोटो चिकटवायचा, तुम्ही घर ओळखत असाल किंवा कोणी ओळखणारं सोबत असेल तरच सही. एक साधी वही घाला: तारीख, नाव, पत्ता, कशासाठी, ओळख कोणाची. दोन वर्षांनी पोलीस विचारायला आले तर ती वही पुढे करता येते. तुमच्या प्रभागात न राहणाऱ्याला दाखला देऊ नका, मग तो कोणाचाही माणूस असो. शिक्का स्वतःच्या कपाटात ठेवा. कार्यकर्त्याच्या पिशवीत गेलेला शिक्का मी परत आलेला पाहिला नाही.

आणि त्या कॅलेंडरवरच्या खुणा! त्यांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि तुमच्या पत्राला जोडून द्या. पुढच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात आली की पाणीपुरवठ्याचा विषय त्यात आहे का बघा. नसेल तर नगराध्यक्षांना लेखी द्या की हा विषय घ्यावा, खाली प्रभागातल्या दुसऱ्या सदस्यांचीही सही घ्या. ते विरुद्ध पक्षाचे असले तरी त्याच नळाचं पाणी पितात, नाही म्हणणार नाहीत. दोन पक्षांच्या दोन सह्या असलेलं पत्र नगराध्यक्षांना बाजूला ठेवणं जड जातं. विषयपत्रिका आली की नावं झाकून इथे टाका, कोणत्या विषयावर कोणता कागद मागायचा ते एकेक बघू.